फळ्यावरचा वाढदिवस

“गुरुजी, एक जूनला आपल्या गावावर पोरांचा पाऊस पडतो का हो?”

प्रश्न विचारला कोकिळाने, पण डोकं रंजनाचं होतं. सातवीच्या परीक्षेचे फॉर्म भरायचे म्हणून गुरुजी रजिस्टरातून एकेकाची जन्मतारीख मोठ्याने वाचत होते. एक जून, एक जून, पुन्हा एक जून, असं आठव्यांदा झालं तेव्हा रंजनाने तिला कोपराने ढोसलं. “विचार ना, कोऱ्या पेन्सिलची पैज. बाकी कोणाची छाती नाही.” असं म्हटल्यावर कोकिळा मागे राहते होय? यंदा शाळा उघडल्यापासून आपण तोंड उघडलं की वर्ग आपला, हे तिला नव्यानेच कळलं होतं, आणि ते दिवसातून चारदा तपासून पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नव्हतं.

वर्ग खदखदून हसला. गुरुजी हसले नाहीत. “पाऊस कसला पडतोय. मीच लिहितो त्या तारखा. आईबापांना तारीख सांगता आली नाही, की शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं म्हणून एक जून.”

एवढ्यावर ती खाली बसली असती तरी चाललं असतं. पण हशा अजून विरला नव्हता, आणि तो आणखी थोडा टिकावा असं तिला वाटलं. ती शेजारच्या मंगळीकडे वळली. “म्हणजे मंगळे, तू जन्मलीस की नाही, हेसुद्धा गुरुजींनाच विचारायला हवं.”

या वेळी वर्ग जास्त हसला. मंगळीने पाटी-पुस्तकं पिशवीत भरली, पिशवीचं तोंड नीट बांधलं आणि कोणाकडे न बघता ती बाहेर पडली.

मंगळी म्हणजे आमश्याची मुलगी. आमश्या कोकिळाच्या वडिलांकडे, रतिलाल पाटलांकडे, सालदार होता. वर्षाच्या बोलीने राबायचा आणि खळ्याच्या कडेला खोपटात राहायचा. दोघी एकाच खळ्यात खेळून मोठ्या झालेल्या. शाळेच्या ओट्यावरचा दिनविशेषाचा फळाही दोघींचाच. कोकिळा वडिलांचं वर्तमानपत्र आणि कॅलेंडर चाळून शोधून काढायची, आज कोणाची जयंती, कोणत्या साली काय घडलं. आणि मंगळी ते खडूने लिहायची. मंगळीचं अक्षर असं, की परगावचा माणूसही ओट्यापाशी थांबून वाचायचा. त्या सकाळीसुद्धा ‘१ ऑगस्ट, लोकमान्य टिळक पुण्यतिथी’ हे तिनेच लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मंगळी आली नाही. फळा कोकिळाने लिहिला. ओळ तापीच्या उतारासारखी खाली घसरत गेली. तिसऱ्या दिवशीही तेच. नऊ ऑगस्टला ‘चले जाव’ची आठवण लिहिताना खडू मोडला, आणि रंजना म्हणाली, “राहू दे ना आता, कोण वाचतं?”

“तू नको वाचू,” कोकिळा म्हणाली. पैज जिंकल्याबद्दल रंजनाने दिलेली कोरी पेन्सिल तिने अजून तासलीसुद्धा नव्हती.

शनिवारी गुरुजींनी तिला थांबवलं. “आमश्याच्या पोरीचा फॉर्म राहिलाय. बुधवारपर्यंत आली तर बरं, नाहीतर यंदाची परीक्षा हुकली. आणि एकदा हुकली की पुन्हा कोण पाठवतंय तिला?”

रविवारी कोकिळा शेतात गेली. मंगळी कपाशीत निंदत होती, आईच्या, रमीबाईच्या, मागच्या सरीत. कोकिळाने वाटेत चांगली वीस वाक्यं जुळवली होती. समोर उभी राहिल्यावर एकही सुचेना.

“बुधवारपर्यंत ये,” ती म्हणाली. “फॉर्म भरायचाय.”

मंगळीने विळा थांबवला नाही. “मन्ही तारीख काय लिखशी त्यामा?”

“मी गंमत केली गं.”

“दुसरं कोनी हासतं तर मी बशी ऱ्हातू वर्गमा. तू हासनी.” तिने गवताची जुडी बांधावर टाकली. “तुन्हा दिवसले झेंडा लागस, समदा गाव गूळ खास. मन्हा एक जूनले शाळेले सुटीनं कुलूप ऱ्हास.”

ते खरं होतं. कोकिळाची जन्मतारीख पंधरा ऑगस्ट एकोणीसशे सत्तेचाळीस. दरवर्षी झेंडावंदन झालं की रतिलाल पाटील गूळ-फुटाणे वाटायचे, आणि फळ्यावर स्वातंत्र्यदिनाच्या खाली लिहिलेलं असायचं, ‘कु. कोकिळा हिचा वाढदिवस.’ तेही गेली तीन वर्षं मंगळीच्याच अक्षरात. आपलं नाव बघताना कोकिळाला कधी तो हात दिसला नव्हता.

सोमवारी दिवेलागणीला आई, जसोदाबाई, उद्याचे फुटाणे पाखडत बसली होती. वडील झोपाळ्यावर होते.

“आई, मंगळी केव्हा जन्मली ते कोणालाच माहीत नाही का?”

“माले माहीत शे ना,” आई सहज म्हणाली. सूप तिच्या हातात नाचत होतं. “धोंडाना महिना व्हता, अवसना आदला दिवस. चावडीवर तुन्हा बाप पहिला झेंडा लाई ऱ्हायंता, जय जय चालू व्हतं, आनि आठे खळामा रमी कण्हे. दाई झेंडा देखाले गयेल. मीच पोट धरी तिन्हाजोडे बसनू.”

कोकिळाने हातातले फुटाणे खाली ठेवले. “झेंडा म्हणजे पंधरा ऑगस्ट. मग मी?”

सूप थांबलं. आईने झोपाळ्याकडे पाहिलं.

“तू अवस सरनी, तिन्हा पाचवा दिवसले,” ती हळू म्हणाली. “ती तुन्हापेक्षा सहा दिवस मोठी.”

“त्यात काय एवढं?” वडील म्हणाले. पाटलांना चारचौघांत बोलायची मराठी अडचणीच्या वेळी घरातही आठवायची. “नाव घालताना मास्तरांनी तारीख विचारली. आठवड्याचाच तर फरक. म्हटलं, पोरीचा दिवस मोठा असावा. कोणाचं काही घेतलं का आपण?”

“आणि आमश्याकाकाला कोणी विचारलं?”

“त्याला कुठे तारीख सांगता येते?”

“आईला येत होती.”

आईने उगाचच सूप झटकलं. कोकिळाला वर्गातलं आपलं वाक्य जसंच्या तसं ऐकू आलं, तू जन्मलीस की नाही. आणि त्या हशाच्या मधोमध, खऱ्या पंधरा ऑगस्टची मुलगी खाली मान घालून पिशवीचं तोंड बांधताना दिसली. ते वाक्य परत घ्यायची सोय कुठल्याच रजिस्टरात नव्हती. मंगळी बुधवारी येईल, हेही कोणी सांगू शकत नव्हतं.

ती उठली. खुंटीवरच्या पिशवीतून तिने खडू काढला, मोडलेला, पण लिहिण्यापुरता उरलेला.

“आई, बापू, ऐका,” ती म्हणाली. “उद्या फळ्यावर मी मंगळीचा वाढदिवस लिहिणार आहे. अक्षर वाकडं आलं तरी मीच लिहिणार. आणि झेंडावंदनाला सगळे उभे असतील तेव्हा गुरुजींना सांगणार, की रजिस्टरात तिची तारीख दुरुस्त करा आणि माझी खोडा. आई, तू साक्षीला चल. फॉर्मवर तिचा पंधरा ऑगस्ट आधी पडू दे. माझ्या नावापुढे हवं तर एक जून लिहा.”

“आनि गूळ?” आईने विचारलं.

“गूळ घेऊन मी आधी खळ्यात जाणार. तिने घेतला तर घेतला.”