करवतीच्या हाती बोट

व्हायोलिन मास्तरांच्या विद्यार्थ्यांनी आयुष्यात मोठं नाव काढलं, यात वादच नाही. फक्त त्यातल्या एकानंही ते व्हायोलिनवर काढलं नाही. एक आयकर खात्यात साहेब झाला, एकीनं विमानं उडवली, एकानं लोकांचे दात उपटून दोन मजली घर बांधलं. संगीताच्या क्षेत्रात तसा एकजण टिकून होता. तो रेकॉर्डिंग स्टुडिओच्या भिंतींना, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून, स्पंज चिकटवून द्यायचा. मास्तरांच्या मते शिकवणी अंगी लागली ती त्या एकाच्याच.

चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत मास्तरांची शिकवणी चाले. पद्धत साधी होती. विद्यार्थ्यानं गज ओढायचा आणि मास्तरांनी तोंड सोडायचं. महिन्याभरात प्रत्येकाला टोपणनाव मिळे, आणि वर्ष-दोन वर्षांत विद्या इथंच ठेवून, फक्त ते नाव घेऊन पोरं बाहेर पडत.

"मी खरं तेच बोलतो," मास्तर छाती पुढे काढून सांगत.

"बोलता हो," बायको म्हणे, "पण कुणी विचारलेलं नसतं."

तर अशा या मास्तरांच्या डाव्या हाताची अनामिका एके सकाळी वाकली ती वाकलेलीच राहिली. दुसऱ्या हातानं ओढली की खटकन सुटायची, तारेवर टेकवली की पुन्हा कुलूप. शेक झाला, तेल झालं, ज्यांना कुणी विचारलं नव्हतं त्यांचे सल्लेही झाले. शेवटी बायकोनं त्यांना दंडाला धरून इस्पितळात नेलं.

हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी बोट दाबून पाहिलं. "घाबरण्यासारखं काही नाही. आतली शीर जिथून सरकते ती वाट अरुंद झालीय. छोटासा छेद देऊन मोकळी करू, मास्तर."

'मास्तर' ऐकून मास्तरांनी मान वर केली.

"ओळखलं नाहीत ना? मी करवत."

"अगंबाई, तू होय!" बायकोला आनंद मावेना. "हाडांची डॉक्टर झालीस! म्हणजे ह्यांनी ठेवलेलं नाव सार्थकी लावलंस गं!"

मास्तरांचा चेहरा उतरला. ही पोरगी गज ओढायची तेव्हा खालचा चष्मेवाला जिना चढून विचारायला यायचा, 'वर सुतारकाम काढलंय का?' "हे हात लाकूड कापायला दिलेत देवानं, व्हायोलिनला नाही," असं सगळ्यांदेखत सुनावून मास्तरांनी तिला घरी धाडलं होतं.

"इथं दुसरे कुणी डॉक्टर नाहीत का?" ते बायकोच्या कानात कुजबुजले. मास्तरांची कुजबुज जिन्यापर्यंत ऐकू जायची.

"आहेत ना," डॉक्टरीण म्हणाली. "पण ते तुमच्याकडे दोनच महिने टिकले. मी दोन वर्षं काढली. माझा हात जास्त बसलाय."

ऑपरेशनच्या दिवशी मास्तर टेबलावर आडवे झाले, तर भूल द्यायला समोर लेटलतीफ उभा! हा पोरगा तबल्याची सम येऊन, चहा पिऊन, निघून गेल्यावर पोचायचा.

"नमस्कार, मास्तर. फक्त हातापुरती भूल देतोय, तुम्ही जागेच राहाल."

"वेळेवर देशील ना रे बाबा?"

"कापायच्या आधीच देतो," लेटलतीफ म्हणाला. "सहसा."

हात बधिर झाला. हिरव्या कापडापलीकडे काम सुरू झालं, आणि थोड्या वेळानं पलीकडून गुणगुणणं ऐकू येऊ लागलं. मास्तरांनीच शिकवलेले पलटे होते. गंधार निम्म्या वाटेवर बसला होता, धैवताचा पत्ताच नव्हता. मास्तरांनी ओठ घट्ट मिटले. जिच्या हातात सुरी आहे तिचा गंधार दुरुस्त करू नये, एवढं शहाणपण त्यांना उतारवयात का होईना आलं होतं.

"हं, बोट वाकवा. आता सरळ करा."

बोट सरळ झालं. खटका नाही, काही नाही. मास्तरांनी पुन्हा वाकवलं, पुन्हा सरळ केलं.

"पुरे, मास्तर. मला शिवायचंय."

"तुझा हात हलका आहे गं," मास्तर एकदम बोलून गेले.

"तेव्हा नव्हता. तुम्ही बोललात ते चुकीचं नव्हतंच." टाके घालता घालताच ती सांगत होती. "पण मला शिकणं सोडायचं नव्हतं, मास्तर. अजूनही घरी गेले की वाजवते. नवरा तेवढ्या वेळात कुत्र्याला फिरवून आणतो. मी व्हायोलिनची पेटी उघडली की कुत्राच आधी दारात जाऊन उभा राहतो."

टोमणा, राग, सूड, सगळ्याची तयारी करून मास्तर आले होते. याची तयारी नव्हती.

"पुन्हा येऊ का शिकायला?" तिनं विचारलं.

"माझा हात तर बांधलेला असणार."

"तुम्ही हातानं कधी शिकवलंत? तोंड तर मोकळं आहे ना?"

अर्धवट शिवलेला हात समोरच्याच्या ताब्यात असताना 'नाही' म्हणायला शूर माणूस लागतो. मास्तर शूर कधीच नव्हते, नुसते स्पष्टवक्ते होते. ते हो म्हणाले.

रविवारी ती आली. मास्तरांनी बायकोच्या मदतीनं, उजव्या हातानं खुंट्या पिळून व्हायोलिन काटेकोर सुरात लावून ठेवलं होतं. तिनं डोळे मिटले आणि गज ओढला. इतक्या वर्षांच्या रियाजानं आवाज मोठा झाला होता, एवढीच प्रगती. पण तिच्या चेहऱ्यावर असं काही सुख पसरलं होतं, की मास्तर बघतच राहिले. त्यांच्या खोलीत वाजवताना कुणी सुखात असल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

तिनं डोळे उघडले. "कसं झालं?"

जिभेवर चांगली तीन-चार वाक्यं रांगेत उभी होती. बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती.

मास्तर खाकरले. "तार उतरलीय जरा," ते म्हणाले. "तुझी चूक नाही. आण इकडे, लावून देतो."