कलम नऊ आणि ताईंचे वय

मित्रांनो, आज सोमवार. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे झाली आहेत आणि सामाजिक सुरक्षा कार्यालयाच्या तिसऱ्या खिडकीपुढील फळीवर मी पडून आहे. मी एक जुने भिंग आहे. कडे पितळी, मूठ शिसवी. काचेवर मात्र आता चरेच चरे.

कायद्याच्या एका प्राध्यापकांनी मला तीस वर्षे जमिनीच्या नकाशांवरून फिरवले. घडीच्या चिरेत हद्दीची शाई फुटलेली दिसली, की रेघ घडी पडल्यानंतर, म्हणजे मागाहून घुसडली, हे ते ओळखत. भाऊबंद शपथेवर बिनदिक्कत खोटे बोलत. घडीपुढे त्यांची बोबडी वळे. एका न्यायाधीशांनी मला हातात घेऊन पाहिले होते. कौतुक म्हणाल तर तेवढेच.

पुढे प्राध्यापक वृद्धांच्या सुरक्षेचा कायदा लिहिणाऱ्या समितीवर गेले आणि मी खणात गेले. शपथांचा धसका घेतलेल्या त्या माणसाने कलम नऊ लिहिले: वयाचा पुरावा केवळ जन्मनोंदीचा, तोंडी साक्ष अग्राह्य.

आज त्यांनी मला बाहेर काढले ते थोरल्या बहिणीसाठी. ताईंनी जन्मभर शिवणकाम केले. आता सुईत दोरा ओववत नाही. त्या कायद्याने वृद्धांना मिळणारे निवृत्तिवेतन मिळाले तरच त्यांची भाड्याची खोली टिकेल. भावाच्या दारात म्हातारपण काढायचे नाही, हा त्यांचा हट्ट. आणि जन्मनोंदीचे ते पान वाळवीने खाल्लेले!

प्राध्यापकांनी मला त्या पानावर धरले. मी भोक तेवढे मोठे करून दाखवले. मित्रांनो, भिंगाला याहून अधिक काही येत नाही. माझ्यावर एवढा भार टाकू नका.

"अहो, माझा दाखला पाहा," ते खिडकीतल्या बाईंना म्हणाले. "मी एकाहत्तर वर्षांचा. ही माझ्याहून थोरली!"

"थोरली कशावरून, काका?"

"कशावरून म्हणजे? हिने मला कडेवर खेळवलंय!"

"आणि शेंबूडही पुसलाय," ताई म्हणाल्या. "लिहा तेही."

बाई हसल्या, पण अर्ज त्यांनी परत सरकवला. "तोंडी चालत नाही, आजी. कलम नऊ."

"कुणा शहाण्याने लिहिलंय हे?"

प्राध्यापकांनी मला रुमालात गुंडाळले. फार वेळ गुंडाळतच राहिले.

"मी लिहिलंय, ताई."

ताईंनी अर्जाची घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

"मग तुझं चुकलं, बाळ."