हमादीला विचारून ये

वकील तीजानी राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले आणि सपाटून पडले, त्याला पाच वर्षे झाली. नुसते पडण्यावर निभावले असते तर बरे. पण उमेदवारीला दहा हजार मतदारांच्या सह्या लागतात, आणि केफ शहरात दारोदार फिरून त्या गोळा केल्या होत्या त्यांच्या मेहुण्याने, हमादीने. वकील निकालाविरुद्ध कोर्टात गेले आणि पोलिसांनी सह्या करणाऱ्यांना एकेक करून बोलावले. ही सही तुमचीच ना? सतरा जणांनी भिऊन कानांवर हात ठेवले. खोट्या सह्या केल्या म्हणून हमादीला आठ वर्षांची कैद झाली.

आता पुन्हा निवडणूक आली होती. अर्ज भरायला थोडेच दिवस उरले होते, आणि राजधानीहून आलेली माणसे बैठकीत चहा ढोसत वकिलांना हरभऱ्याच्या झाडावर चढवत होती. त्यांच्यापैकी कुणाचाच भाऊ तुरुंगात नव्हता. हमादीची बहीण राधिया, म्हणजे वकिलांची बायको, आतून ऐकत होती. सरकारी कचेरीतल्या एका ओळखीच्याने सकाळीच तिच्या कानावर घातले होते, की नवरा उभा राहिला नाही तर ईदला कैदी सोडतात त्या माफीत भावाचे नाव येईल. हे तिने नवऱ्याला सांगितले नव्हते.

पाहुणे गेल्यावर वकील म्हणाले, "भोगतोय तो. त्यालाच विचारून ये. हमादी म्हणेल ते."

बुधवारी तुरुंगाच्या दारात शिपायाने तिच्या टोपलीतल्या रव्याच्या कुसकुसात सळई खुपसून पाहिली, मग आत सोडले. जाळीपलीकडे हमादी आला. वय चाळीस, पण दात पडून म्हातारा दिसायला लागला होता. तिने विचारताच तो हसला.

"उभे राहा म्हणावं. नाहीतर मी इथे कशासाठी सडतोय, ताई?"

घरी येऊन तिने डोक्यावरचा रुमाल सोडला आणि सांगितले, "नको म्हणाला. माझे हाल पुरे झाले, म्हणाला."

वकिलांनी उलट काही विचारले नाही. त्यांना सुटल्यासारखे वाटले हे तिला दिसले, आणि स्वतःच खोटे बोललेली असूनही तिला त्यांचा राग आला.

ईदला माफीची यादी लागली. त्यात चोर होते, भामटे होते, हमादी नव्हता. कचेरीतला तो ओळखीचा माणूस फोन उचलेना.

पुढच्या बुधवारी हमादीने जाळीला तोंड लावून पहिला प्रश्न तोच केला. "भरला अर्ज?"

"नाही."

"का?"

खरे सांगायला तिने तोंड उघडले. पण खरे सांगितले तर हा पुन्हा भेटायला येणार नाही, हे तिला पक्के ठाऊक होते.

"घाबरले ते," ती म्हणाली.

हमादीने जाळीवरचे तोंड मागे घेतले.

"मग त्या माणसाचं नाव माझ्यापुढे परत काढू नकोस," तो म्हणाला. "तू होतीस म्हणून निदान खरं तरी कळलं."