भुकेचा पांढरा रंग

मी एक जुना प्रवाळ आहे. कर्वेनगरमधल्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या टाकीत राहतो. मित्रांनो, मी दगडासारखा दिसत असलो तरी प्राणी आहे. खरं तर एक नव्हे, हजारो. आम्ही इवले इवले जीव दाटीवाटीने राहतो. ज्या चुन्याच्या खडकावर राहतो, तो आमच्याच गेलेल्या पिढ्यांनी बांधलेला असतो. आमच्यात मेलेल्यांना निरोप देत नाहीत, त्यांच्यावरच घर बांधतात.

माझा जन्म रामेश्वरजवळच्या उथळ समुद्रात झाला. तिथलं पाणी खारट, उबदार आणि इतकं नितळ, की ऊन थेट अंगावर उतरायचं. आमच्या अंगात अगदी सूक्ष्म शेवाळ राहतं. तेच त्या उन्हावर अन्न तयार करून आम्हाला भरवतं. आमचा रंगही त्याचाच. गाळ आला की ऊन अडतं. पाणी फार तापलं की आमचं आणि शेवाळाचं बिनसतं, आणि ते अंगातून निघून जातं.

एके दिवशी पहारीचा घाव बसला. चोरट्यांनी मला उखडून पिशवीत कोंबलं. पुणे स्टेशनवर ती पिशवी पकडली गेली आणि वनखात्याने मला अर्धमेल्या अवस्थेत इथे सांभाळायला दिलं.

इथल्या संशोधक आम्रपाली मॅडमनी मला जगवलं. पाण्यात मीठ मोजून घालताना त्या पुटपुटायच्या, "धीर धर. तुला परत घरी पाठवायची परवानगी मागतेय."

मग मे महिना आला. सलग सुट्ट्यांमध्ये पाणी थंड ठेवणारं यंत्र बंद पडलं आणि कुणाला कळलंच नाही. टाकी तापत गेली. माझ्या अंगातलं शेवाळ निघून जाऊ लागलं. त्याला धरून ठेवायला आम्हाला हात नसतात. टाकीतला माझ्या शेजारचा प्रवाळ आधी गेला. तो अजून माझ्या बाजूलाच उभा आहे, जसाच्या तसा, फक्त आत कुणी नाही.

सुट्टी संपल्यावर विभागप्रमुख दिगंबर सर आधी आले. मी शुभ्र पांढरा झालो होतो.

"वा! आत्ता कुठे टाकीला शोभा आली," ते म्हणाले. "इतके दिवस काय तो मातकट रंग!"

मागून आलेल्या आम्रपाली मॅडम दारातच थबकल्या. "सर, ही शोभा नाही. तो उपाशी आहे. असाच राहिला तर मरेल."

सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं आणि ते स्वतःच बर्फ आणायला गेले. तनया नावाच्या विद्यार्थिनीने बर्फ भरलेल्या बंद बाटल्या एकेक करून पाण्यात सोडल्या. तापलेल्या अंगाला प्रखर उजेड सोसत नाही, म्हणून मॅडमनी दिवे मंद केले.

"मॅडम," तनयाने विचारलं, "समुद्रात हे कसं करतात?"

मॅडमनी पुढची बाटली तिच्या हातात दिली.

पावसाळा सरता सरता माझ्या एका बाजूला पुन्हा रंग चढला. दुसरी बाजू मेली ती मेलीच. त्याच सुमारास परवानगी आली. मॅडमनी आनंदाने रामेश्वरकडच्या सहकाऱ्याला फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

"आता नका पाठवू, मॅडम. या उन्हाळ्यात इथलं सगळं पांढरं पडलं. आता मेलेल्या प्रवाळांवर वेगळंच, काळपट शेवाळ चढलंय. लावायला जिवंत जागाच नाही."

मॅडमनी फोन ठेवला. काचेला तळहात लावला. मग म्हणाल्या, "राहा बाबा इथेच."

मित्रांनो, एखादा जीव वाचवायचा, तर त्याला परतायला घरही राखावं लागतं. तुम्ही समुद्रापासून लांब राहता, पण तुमच्या धुराची ऊब तिथवर पोचते. ती आवरा. जिवंत प्रवाळी रान कधी गप्प नसतं. झिंगे नांग्या चटचट वाजवतात, मासे खडक कुरतडतात. इथे पंपाची घरघर तेवढी आहे. तरी दुपारी प्रयोगशाळा रिकामी झाली की ती चटचट मला स्पष्ट ऐकू येते. ती माझ्या मेलेल्या बाजूकडून येते.