पश्चिमेची टेकडी

पाळक बर्डेल उपदेश बोलत नाहीत, गातात. ते एक ओळ उचलतात, आम्ही ती मागून झेलतो, आणि अमेरिकेतल्या आम्हा लाकोटा आदिवासींचे शब्द चर्चच्या छताला लागून पुन्हा आमच्याच डोक्यांवर उतरतात. दोन वर्षं माळ करपला, तेव्हा दर रविवारी आम्ही पावसाचं गाणं असंच गायलो. सगळ्यांत मोठा आवाज व्होनिता रेडविलोचा. देवाने ऐकलं. यंदाच्या वसंतात गुरं पोटापर्यंत गवतात उभी राहिली. व्होनिता मात्र जूनमध्ये ढग दिसला की दात-ओठ खायची.

ती टोळीच्या वन्यप्राणी खात्यात आहे. दक्षिणेच्या माळावरची पिस्पिझांची वसाहत तिच्याकडे. पिस्पिझा म्हणजे खारीचे गुबगुबीत भाऊबंद, जमिनीत बिळं करून राहणारे, दिवसभर बडबडणारे. एकाने मागच्या पायांवर उभं राहून, हात वर फेकून हाळी दिली की सगळा माळ हात वर करतो. त्यांच्यावर पोट असलेले काळ्या पायांचे फेरेट, मुंगसासारखे लांबट, जगात फार थोडे उरलेत. त्यातली दोन कुटुंबं आमच्याकडे. पिस्पिझांच्या अंगावरच्या पिसवांतून प्लेग शिरला की आधी पिस्पिझा जातात, मग फेरेट. म्हणून बिळाबिळात पिसवा मारायची पांढरी पूड फुंकायची.

यंदा हिवाळा आलाच नाही. जानेवारीत माणसं बाह्या सारून अंगणात बसली, आणि पिसवा जगल्या. पूड एप्रिलपासून कोठारात पडून होती. ती फुंकायची सरकारी परवानगी मात्र जूनपासून, कारण ती तारीख ठरली तेव्हा हिवाळे हिवाळ्यासारखे वागायचे.

"साहेब, पिसवा कॅलेंडर बघत नाहीत," व्होनिता फोनवर म्हणाली.

"बाई, मला बघावं लागतं," पलीकडून उत्तर आलं.

जून लागला आणि पावसाने ठाण मांडलं. ओलाव्यात पुडीचे गोळे होतात, फुंकणीतून बाहेरच पडत नाहीत. व्होनिता रोज सकाळी पोती गाडीत चढवायची आणि दुपारी उतरवायची.

तिचा दीर सायलस. त्याची गुरं त्याच माळाच्या कडेला चरतात आणि पिस्पिझा त्याच्या लेखी गवतचोर. आमच्यात दीर-भावजयीने एकमेकांची थट्टा करायचीच असते. नाही केली तर लोक विचारतात, काय बिनसलं म्हणून. त्यामुळे या दोघांत सरळ वाक्य कुणी कधी ऐकलेलं नाही. काही गंभीर असलं तर सायलस भावाकडून निरोप द्यायचा. पण भाऊ त्या महिन्यात दूर रस्त्याच्या कामावर होता.

रविवारी उपासनेनंतर सूप वाढताना सायलस म्हणाला, "वहिनी, तुमचे पिस्पिझा सुधारले. पश्चिमेच्या टेकडीवर आता कुणी तोंड उघडत नाही."

"शेजारी तुम्ही असल्यावर कोण उघडेल, भाऊजी? झोपेचं सोंग घेतलं असेल बिचाऱ्यांनी."

सगळे हसले. सायलसही हसला. मग वाडगं खाली ठेवून म्हणाला, "नाही, खरंच. तीन दिवस झाले."

"खरंच का? मागच्या वर्षी माझी गाडी पिस्पिझा पळवून नेताहेत म्हणून मला धावायला लावलंत, तेही खरंच होतं ना?"

पुन्हा हशा. सायलसने वाडगं उचललं आणि सूप संपवलं.

मंगळवारी ऊन पडलं. तिने पूर्वेकडून सुरुवात केली, कारण तिकडे फेरेटची मादी नुकतीच व्यालेली होती. बुधवारी दुपारी ती पश्चिमेच्या टेकडीवर चढली.

पाऊस पडून गेला की पिस्पिझा बाहेर येतात, ओली माती बिळाच्या तोंडाशी रेटतात आणि नाकाने थापून बसवतात. पूर्वेकडे काठाकाठावर नाकांचे ठसे होते. इथे एकही नव्हता. काठ वाहून गेलेले, बिळांच्या तोंडांवर गवत वाकलेलं, आणि माशा. फेरेटच्या बिळाजवळ ती थांबली. तिथेही माशा.

ती पोत्यावर बसून राहिली. सायलसची गाडी वर आली. तो उतरला, टोपी काढली आणि म्हणाला, "वहिनी, मला वाईट वाटतं."

बस, एवढंच. ना पुडीसाठी तिने तोंडावर बांधलेल्या फडक्याबद्दल काही थट्टा, ना गाडीबद्दल. व्होनिताने वर पाहिलं. नंतर ती मला म्हणाली की माशांपेक्षा तिला त्या वाक्याने जास्त भीती घातली.

"बोला ना काहीतरी," ती म्हणाली.

"रविवारी बोललो होतो."

"तसं नाही. नेहमीसारखं."

"नेहमीसारखंच बोललो, तिथेच घात झाला."

चूक एकाची असती तर एकाला शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. साहेबाला द्याव्यात तर तो तारखेआड उभा. पावसाला द्याव्यात, तर तो तिने गळा ताणून मागितलेला.

"पूर्वेची किती बिळं राहिलीत?" त्याने विचारलं.

"नाल्यापलीकडची सगळी. पिसवा आता तिकडेच निघाल्या असतील."

त्याने पोतं खांद्यावर टाकलं.

"तुम्ही? गवतचोरांसाठी?"

"चोरांना पकडायचं मी. मारायचं पिसवांनी, असं कुठे ठरलं होतं?"

संध्याकाळपर्यंत दोघं वाकून वाकून बिळं घेत होती, ती पूड फुंकायची, तो काठावर खुणेची काडी रोवायचा. नाल्यापलीकडे अजून बराच उतार बाकी होता. तिथल्या एका पिस्पिझाने हात वर फेकून हाळी दिली, मागून आणखी दोघांनी.

पश्चिमेला ढग चढत होता, जांभळा, भरलेला. सगळ्या गावाचं गवत पोसणारा. तो परत जावा असं मागायचं तरी कुठल्या तोंडाने? व्होनिता पुढच्या बिळाकडे वळली.

"वहिनी," सायलस मागून म्हणाला, "एक विनंती आहे. ते पावसाचं गाणं तेवढं बंद करा. मघापासून गुणगुणताय."

तिने ओठ घट्ट मिटले आणि फुंकणी बिळात घातली.