मी अडलो नसतो तर

मित्रांनो, मी एक जुना लेथ आहे आणि सध्या भंगाराच्या आवारात आडवा पडलो आहे. माझे तुकडे होण्याआधी मला एक गोष्ट सांगायची आहे. घाईत इकडचे तिकडे झाले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म ओतशाळेतला. लोखंडाचा तापलेला रस साच्यात ओतून मला घडवले. माझे काम लोखंड कातायचे, आणि मी चाले पायाने. खाली पायडल, त्याला जोडलेले मोठे चाक आणि चाकावरून वर येणारा पट्टा. माझा टर्नर, म्हणजे मला चालवणारा कारागीर, पायडल मारू लागला की मी फिरे आणि चकमध्ये, म्हणजे माझ्या फिरत्या जबड्यात, आवळलेल्या लोखंडाचे साल निघत जाई. "तुमच्या कामात बोट ठेवायला जागा नाही," असे गिऱ्हाइके म्हणत. तो नुसता मिशीत हसे. फुशारून जायचे काम माझ्याकडे होते.

चक आवळायला एक चावी असते. ती खुपसायची, पिळायची आणि काढून ठेवायची. माझा टर्नर मात्र ती लगेच काढत नसे. पाय पायडलवर दाबता दाबता त्याचा हात चावी काढून घेई. पाय हलला की हात हले. आपल्या मुलीला त्याने हाताला धरून काम शिकवले, तेव्हा तिनेही हीच सवय उचलली. पायाच्या यंत्रावर त्यात धोका नव्हता, कारण मी हळूच निघे.

पुढे त्याचे गुडघे गेले आणि मी धूळ खात पडलो. तेलाच्या भोकांत माती बसली. ज्याच्यावर घर चालले, त्याच्यावर जुनी वर्तमानपत्रे रचली गेली. शेवटी मुलीनेच मनावर घेतले.

"बाबा, ह्याला मोटर बसवू. तुम्ही स्टुलावर बसा आणि बटण दाबा."

"आणि नाही चालला तर?"

"तर भंगारात. मग मी मोठ्या वर्कशॉपात जाईन. तिथे टर्नर हवेच आहेत."

पाण्याच्या पंपाची जुनी मोटर तिने माझ्यामागे बोल्टने आवळली, पट्टा चढवला, वायरी जोडल्या. मित्रांनो, मला जगायचे होते. चाललो नाही तर संपलो, हे मला पक्के ठाऊक होते.

बाबांनी चकमध्ये लोखंडाचा तुकडा आवळला आणि ते स्टुलावर बसले. आता पाय हलायचा नव्हता, म्हणून हातही हलला नाही. चावी चकमध्येच राहिली. मुलगी पट्टा बघायला चकसमोर वाकली होती.

"करा चालू."

मोटर पायासारखी हळू निघत नाही. चावी सुटून सरळ तिच्या तोंडावर बसली असती. मला ओरडता येत नाही. जन्मभर फिरण्यासाठी धडपडलेला मी, त्या क्षणी न फिरण्यासाठी जिवाच्या आकांताने अडून बसलो. कोणी म्हणेल, मागचे बेअरिंग कोरडे होते आणि पट्टा सैल होता. म्हणू द्या. मोटर घुमली, पट्टा किंचाळला, जळका वास आला आणि पट्टा निसटून पडला. मी तसूभरही हललो नाही.

"झाली का पंचाईत," म्हणत मुलगी पट्टा उचलायला खाली बसली. तेवढ्यात बाबांना चावी दिसली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी ती गुपचूप काढून खिशात घातली.

"बाबा, पट्टा माझ्याकडूनच सैल राहिला. मागे तेलही पोचलेलं नाही. थोडं काम आहे, पण चालेल हा."

"नको."

"अहो, पण का?"

"नको म्हटलं ना. विकून टाक त्याला."

ती रडकुंडीला आली, तरी त्यांनी कारण सांगितले नाही. लाज वाटली असेल, धसका घेतला असेल. मला त्यांची कीव येते आणि रागही येतो.

यंत्राला वेळेवर तेल द्या, असे मी तुम्हाला एरवी सांगितले असते. आज दुसरेच मागतो. तुमच्या ओळखीत कोणी ताई लेथवर काम करत असेल तर तिला विचारा, "चावी काढलीस का?" कदाचित ती तीच असेल. सोमवारपासून ती मोठ्या वर्कशॉपात जाणार आहे. तिथल्या लेथना रोज तेल मिळते, त्यांचे पट्टे घट्ट असतात आणि बटण दाबताच ते फिरतात. आणि तिच्या बाबांनी तिला अजून काहीच सांगितलेले नाही.