हिरव्या दोऱ्याचा कोट

सुनेला सगळं येत होतं, फक्त नाही म्हणता येत नव्हतं. दारावर झाडूवाला आला की ही झाडू घेणार. घरात कोपरे कमी आणि झाडू जास्त. शेजारीण इस्त्री मागायला आली की जाताना इस्त्रीचं टेबलही घेऊन जायची. सासूचं सगळं उलट. ती आधी नाही म्हणायची आणि मग समोरच्याने काय विचारलं ते ऐकायची.

सासूचा शिवणकामाचा धंदा होता. घराच्या पुढच्या लांबलचक खोलीत दिवसभर मशिनी खडखडायच्या आणि तिथून डॉक्टरांचे पांढरे कोट बाहेर पडायचे. प्रत्येक कोट सासूच्या हाताखालून जायचा. शिवण ओढून बघायची, बाह्या एकमेकींना लावून बघायची, बटण चिमटीत धरून असं पिळायची की शिवणाऱ्या बायकांना वाटावं, आपलाच कान पिळतेय. कोट मनासारखा निघाला तर कॉलरच्या आत हिरव्या दोऱ्याचा एक टाका घालायची. तो मान तिचा एकटीचा. टाका पडला की कोट कपाटात, कपाटातून गठ्ठ्यात, गठ्ठा गाडीत. टाका पडलेल्या कोटाला पुन्हा कोणी काही विचारायचं नाही, हा घरचा कायदा.

सून मागच्या खोलीत, खिडकीशी, लॅपटॉप घेऊन बसायची. नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात ती एका ओपन सोर्स सॉफ्टवेअरचं काम बघायची. म्हणजे ज्याचा कोड अगदी उघड्यावर पडलेला असतो असं सॉफ्टवेअर. कोणीही वाचावा, कोणीही दुरुस्ती धाडावी, पण ती आत घ्यायची की नाही हे राखणदार ठरवणार. हिचं सॉफ्टवेअर डिजिटल सर्टिफिकेटं तपासायचं. एखादी वेबसाइट म्हणते, मी अमक्या हॉस्पिटलची. बरं बाई, पुरावा? मग ती सर्टिफिकेट पुढे करते, त्यावर एखाद्या भरवशाच्या संस्थेची सही असते. ती सही खरी आहे का ते बघायचं आणि मगच पुढचं बोलायचं, एवढंच काम. एवढंच, पण कुठल्या कुठल्या देशांतले दवाखाने त्याच्या भरवशावर निर्धास्त झोपायचे.

राखणदारांत मुख्य एक म्हातारा होता. दर आठवड्याला तो लॅपटॉपवर उगवायचा, म्हणून सासू त्याला पडद्यातला म्हातारा म्हणायची. तो आता निवृत्त व्हायला निघाला होता आणि आपल्या जागी सुनेला बसवायचं त्याच्या मनात होतं. पण एक अडचण त्याने तोंडावर सांगितली होती. तू चूक बरोबर पकडतेस, म्हणाला, पण खाली ‘जमल्यास बघा, बाकी उत्तम’ असं लिहितेस आणि दार उघडून देतेस. राखणदाराला दार लावताही आलं पाहिजे. आता पुढची जी दुरुस्ती येईल ती तू एकटीने तपास, त्यावरून मी ठरवीन.

सुनेला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की दृष्ट लागेल म्हणून तिने घरात कोणाला सांगितलंही नव्हतं.

आणि पुढची दुरुस्ती आली ती धाकट्या दिराची.

धाकटा म्हणजे सासूचा जीव की प्राण. कॉम्प्युटरचं शिक्षण संपवून नुकताच मोकळा झालेला. वहिनीचं बघून यानेही कोड लिहिला होता आणि सर्टिफिकेटं तपासायचं काम कितीतरी वेगात व्हायला लागलं होतं. सुनेने कोड वाचला आणि त्या वेगाचं इंगित तिला कळलं. सही करणाऱ्या संस्थेचं नाव ओळखीचं दिसलं की पठ्ठ्या सही तपासतच नव्हता. नाव काय, कोणीही लिहील. खात्री करावी म्हणून तिने स्वतःच एक खोटं सर्टिफिकेट बनवलं, त्यावर ओळखीचं नाव घातलं आणि सहीच्या जागी नुसता कचरा भरला. दिराच्या कोडने त्याला पायघड्या घालून आत घेतलं.

आता यावर नाही म्हणायला कोणाची आडकाठी होती? पण धाकट्याने जेवताना जाहीर करून टाकलं होतं की आपला कोड लवकरच जगभर चालणार. सासूने ते शिवणाऱ्या बायकांना सांगितलं, शेजारणीला सांगितलं, गठ्ठे न्यायला येणाऱ्या गाडीवाल्यालाही सांगितलं. तो बिचारा इंजिन चालू ठेवून ऐकत उभा राहिला होता.

सुनेने भीत भीत दिराला खोट्या सर्टिफिकेटाची गोष्ट सांगितली. तो हसला. असं खोटं नाव घालून येणार कोण, म्हणाला, आणि कोड तपासायला मी लिहिलेल्या टेस्ट तर सगळ्या पास आहेत. सून म्हणाली, तुमच्या टेस्टमध्ये सगळी सज्जन माणसं आहेत, भावजी, चोर एकही नाही. त्यावर तो उठला आणि लहानपणापासून जिकडे जात आला होता तिकडेच गेला, आईकडे.

सासू मागच्या खोलीत आली ती गळ्यातली मापाची टेप न काढताच.

“सूनबाई, घरचंच पोर आहे. एक हो म्हणायला तुझं काय जातं? झाडूवाल्याला तर म्हणतेस.”

नवऱ्याकडे बघावं, तर तो ना आईचा ना बायकोचा, तो फक्त ताटाचा. भांडणाचा वास आला की त्याला भूक लागायची.

सून खिडकीशी बसून राहिली. नकार लिहिला आणि पुसला. ‘जमल्यास’ लिहिलं, ते वाचून स्वतःचाच राग आला, तेही पुसलं. सासूला बोलून पटवावं, तर सासूपुढे आजवर कोणाचं चाललं नव्हतं. सासरे गेले तेही अर्धं वाक्य तोंडात ठेवूनच गेले.

मग तिला पुढच्या खोलीतला उसवायच्या कोटांचा ढीग दिसला. सगळ्यात वर एक कोट होता, त्याची डावी बाही उजवीपेक्षा वीतभर आखूड. त्यावरून सासूने सकाळीच एका शिवणारीची हजेरी घेतली होती. दुपारी सासू जरा आडवी झाली तशी सुनेने तो कोट उचलला. हिरव्या दोऱ्याचं रीळ शिलाईच्या डब्यात होतं आणि डब्याला झाकणसुद्धा नव्हतं. तिने कॉलरच्या आत टाका घातला आणि कोट कपाटात पास झालेल्यांत नेऊन ठेवला.

गाडी यायच्या आधी सासू गठ्ठा बांधायला बसली. धाकटा दोरी धरायला. कॉलर उलटली, हिरवं दिसलं, घडी. कॉलर, हिरवं, घडी. सासूचा हात असा चालायचा की मशिनीने लाजावं. आखूड बाहीचा कोट आला. कॉलर, हिरवं, घडी. गठ्ठा आवळला आणि गाठ मारली.

“आई, गठ्ठा सोडा,” सून दारातून म्हणाली.

“का?”

“हा जाणार नाही. माझा नकार आहे.”

मशिनी थांबल्या. टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. त्या खोलीत टाचण्या दिवसभर पडतात, पण ऐकू कधी येत नाहीत. सासूला आयुष्यात पहिल्यांदा कोणी नाही म्हणालं होतं आणि त्याच धक्क्यात तिने गाठ सोडली. सुनेने तो कोट शोधून काढला आणि दिराला घालायला लावला. डावा हात मनगटाच्या वर चांगला उघडा पडला. बायका मशिनीआड तोंड लपवून हसायला लागल्या.

सासूने धाकट्याला कॉलरला धरून खाली ओढलं आणि टाका डोळ्याशी नेला.

“हा टाका माझा नाही. मी शेवटाला पीळ देते. हा कुठल्या तरी आळशी हाताचा आहे.”

“माझ्या हाताचा,” सून म्हणाली. “बघितलात तर लगेच ओळखलात ना? पण गठ्ठा बांधताना बघितलाच नाहीत. हिरवं दिसलं की घडी.” मग ती दिराकडे वळली. “भावजी, तुमचा कोड हेच करतो. नाव दिसलं की घडी.”

चूक कबूल करणं सासूच्या रक्तात नव्हतं. आधी ती म्हणाली, चष्मा जुना झालाय. मग म्हणाली, दोऱ्याचा डबा उघडा कोणी ठेवला. डबा तिचाच होता, तेव्हा ते बोलणं तिथेच विरलं. शेवटी तिने आखूड बाहीतल्या लेकाकडे एकवार पाहिलं.

“हा कोट घालून झालास का डॉक्टर? नाही ना? मग वहिनी सांगते ते कर.” आणि सुनेकडे वळून म्हणाली, “आणि तू गं, एका नाहीसाठी एवढा खटाटोप? सरळ तोंडाने म्हणायचं होतंस.”

“म्हटलं असतं तर ऐकलं असतंत?”

सासूने प्रामाणिकपणे विचार केला.

“नाही,” ती म्हणाली.

सुनेने आत जाऊन नकार लिहिला. नाव कितीही ओळखीचं असो, सही प्रत्येक वेळी तपासलीच पाहिजे. सोबत खोटं सर्टिफिकेट जोडलं आहे, तुमचा कोड ते नाकारायला लागला की पुन्हा पाठवा. त्यात ‘जमल्यास’ कुठेच नव्हतं.

पडद्यातल्या म्हाताऱ्याने ते वाचलं होतं. पुढच्या खेपेला त्याने विचारलं, हा कोड लिहिणारा कोण? सून म्हणाली, माझा दीर, आम्ही एकाच टेबलावर जेवतो. म्हातारा चष्मा काढून पोटभर हसला आणि पुढे बराच वेळ काही बोलत राहिला. दाराआड उभ्या असलेल्या सासूला त्यातलं अक्षर कळलं नाही. पण सुनेचा चेहरा तिला दिसत होता, त्यावरून जे कळायचं ते कळलं. तासाभरात तेही शेजारणीपर्यंत पोचलं.

धाकटा दोन दिवस घुम्यासारखा वावरला, मग कोड दुरुस्त करून घेऊन आला. सुनेने तो पुन्हा परत केला, कारण मुदत संपलेल्या सर्टिफिकेटाची टेस्ट नव्हती. त्याच दिवशी झाडूवालाही आला होता आणि सुनेने एक झाडू घेतला. सगळंच काही एका झटक्यात सुटत नाही.

बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता. सासू नवा चष्मा लावून प्रत्येक कोटाचा टाका नखाने उचलून बघत होती. दोऱ्याच्या डब्याला आता कुलूप होतं आणि किल्ली तिच्या गळ्यात, मापाच्या टेपशेजारी.

“परत गेलं का गं त्याचं?” तिने मान वर न करता आतल्या खोलीकडे विचारलं.

“गेलं.”

“बरं झालं.” मग तिने खिडकीकडे तोंड करून गाडीवाल्याला सुनावलं, “थांब जरा. आमच्याकडे पोटच्या पोराचंसुद्धा परत जातं, तू कोण लागून गेलास?”